स्लायडिंग खिडकीचं लॉक घेण्याआधी पल्ला उचलून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तळमजल्यावरचं भाड्याचं घर, दोन पल्ल्यांच्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या. एका सकाळी बेडरूमची खिडकी वीतभर सरकलेली दिसली, आणि रात्री लॉक लावल्याचं तर पक्कं आठवतंय. चोरी झाली नाही, पण धास्ती बसली. आता चावीचं लॉक घ्यावं का? घरमालक भोकं पाडू देत नाहीत, घरात तीन वर्षांचं मूल आहे आणि रात्री हवेसाठी खिडकी थोडी उघडी ठेवायची सवय आहे. शिवाय आईवडिलांच्या जुन्या घरात वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या आहेत, त्यांचं काय करायचं हेही विचारलंय.

मी खिडक्या बसवतो, आणि त्याहून जास्त वेळ आधीच बसवलेल्या खिडक्या दुरुस्त करण्यात जातो. लॉकची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो: लॉकला हात न लावता तुमची खिडकी बाहेरून उघडता येते का, ते पाहिलंय का? स्लायडिंग पल्ल्याला दोन हालचाली असतात. तो आडवा सरकतो, आणि वर उचलला जातो. बाजारातली बहुतेक लॉकं पहिली हालचाल अडवतात. दुसरी मोकळी राहिली तर कितीही भारी लॉक लावलं तरी पल्ला लॉकसकट ट्रॅकमधून बाहेर येऊ शकतो.

हे असं का, ते पल्ला बसवताना पाहिलं की लगेच कळतं. चौकटीचा वरचा ट्रॅक खोल असतो आणि खालचा उथळ. कारागीर पल्ला तिरका धरून आधी वरच्या खाचेत पूर्ण घुसवतो, मग खालची बाजू आत घेऊन बेअरिंग, म्हणजे पल्ल्याखालची चाकं, खालच्या पट्टीवर टेकवतो. पल्ला खाली टेकला की वर जागा शिल्लक राहते. ती राहणारच, नाहीतर पल्ला बसलाच नसता. जसा बसला तसाच तो निघतो. आणि बेअरिंग झिजली की पल्ला आणखी खाली बसतो आणि वरची जागा वाढते. म्हणून जुनी खिडकी नव्यापेक्षा सहज उचलली जाते.

आज घरी हे करून बघा. खिडकी बंद करा, लॉक लावा, आतून दोन्ही तळवे काचेवर दाबून पल्ला सरळ वर ढकला. दुसऱ्या कुणाला तरी शेजारी उभं राहून खालच्या कडेकडे बघायला सांगा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो असतं. म्हणजे मीटरभर रुंद, सव्वा मीटर उंच पल्ल्यात 5 मिलिमीटरची काच असेल तर नुसती काचच पंधरा किलोच्या वर गेली. एकट्याने प्रयोग करू नका. खालची कड पट्टीच्या वर आली, किंवा वर यायला जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच कमी पडली, तर तुमची खरी दुरुस्ती इथे आहे. उचलताना लॉककडेही लक्ष ठेवा. लॉकचा आकडा खाली वळलेला असेल आणि वरून खाचेत उतरत असेल, तर पल्ला उचलला की आकडाही खाचेतून वर निघतो आणि मग सरकणंही मोकळं होतं. एक आकडा वर आणि एक खाली वळलेला असतो अशी जोडआकड्याची लॉकं मिळतात, त्यांना हा त्रास नाही.

आता तुमची खिडकी आपोआप कशी सरकली. कुणी बाहेरून खेचली की वाऱ्याने हलली हे मला इथून सांगता येणार नाही. पण लॉक लावलेलं असूनही पल्ला सरकला असेल तर बहुतेक वेळा एकच गोष्ट झालेली असते: आकडा खाचेत पुरता शिरलेला नव्हता, नुसतं टोक अडकलं होतं. टच लॉकमध्ये, म्हणजे पल्ल्याच्या उभ्या पट्टीतल्या, दाबून लागणाऱ्या लॉकमध्ये, 'टक' आवाज आला की आपण निश्चिंत होतो, पण तो आवाज आतल्या स्प्रिंगचा असतो. आकडा कुठे पोचला हे त्यावरून कळत नाही. खात्री करायची तर आकड्याच्या टोकाला ओला खडू किंवा मार्कर लावा, खिडकी बंद करून लॉक करा, पुन्हा उघडा आणि खाचेत डाग कुठे पडलाय ते बघा. डाग खाचेच्या काठावरच असेल तर उत्तर मिळालं.

आकडा चुकण्याची कारणं ठरलेली आहेत. बेअरिंग झिजून पल्ला खाली बसणं हे सगळ्यात नेहमीचं. दुसरं, कडेची वूलपाईल, म्हणजे ती केसाळ पट्टी, धुळीने दगडासारखी होते आणि पल्ला चौकटीला भिडायच्या आधीच अडतो. तिसरं, लॉकचेच स्क्रू सैल. पातळ सेक्शनची, म्हणजे पल्ला ज्या पोकळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा बनतो त्यांची, भिंत एक-दीड मिलिमीटरचीच असते. त्यात स्क्रूचे एक-दोनच आटे धरतात, रोजच्या ओढाताणीत ते जातात. मग लोक त्याच भोकात काडी घालून किंवा पुट्टी भरून स्क्रू पुन्हा पिळतात. ते आठवडाभर टिकतं आणि नेमकं ओढल्यावर निसटतं. योग्य उपाय म्हणजे त्या भोकात रिव्हेट नट, म्हणजे दाबून पक्का बसणारा आट्यांचा नट, बसवणं किंवा आतून पट्टी देऊन स्क्रूला धरायला पुरेसा धातू देणं.

म्हणून नवं लॉक घ्यायच्या आधी बेअरिंग बघा. काही सेक्शनमध्ये पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात, उभ्या पट्टीवर एक बारीक भोक असतं. त्यात पेचकस घालून आतला स्क्रू फिरवला की पल्ला वर-खाली होतो. दोन्ही कोपरे थोडे-थोडे, आळीपाळीने फिरवा, एका बाजूने एकदम वर घेतलं तर पल्ला तिरका होऊन लॉक आणखी चुकेल. स्वस्त सेक्शनमध्ये ही सोय नसते, तिथे पल्ला काढून बेअरिंग बदलावी लागते. दोन्ही कामं दुरुस्तीत मोडतात, घरमालकाला हरकत घ्यायला जागा नाही, आणि निम्म्या घरांत जुनंच लॉक एवढ्यावर नीट लागायला लागतं. ट्रॅकमध्ये तेल किंवा ग्रीस मात्र घालू नका, धूळ धरून त्याची चिकट पेस्ट होते. ट्रॅक झाडून, ओल्या कपड्याने पुसून, कोरडा करून सिलिकॉनचा स्प्रे पुरतो.

आता उचलणं थांबवायचं. स्वतःचं घर असतं तर मी वरच्या ट्रॅकच्या छताला, पल्ला बंद असताना जिथे असतो त्या भागात, दोन-तीन चपट्या डोक्यांचे स्क्रू मारले असते, डोकी इतकीच खाली सोडून की पल्ला त्यांच्याखालून दीड-दोन मिलिमीटरच्या अंतराने सरकेल. तुम्हाला भोकं पाडायची नाहीत, तर स्क्रूशिवायही हे जमतं आणि ताकद तितकीच मिळते. कडक प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा घ्या, वरच्या मोकळ्या जागेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी जाडीचा. पल्ला उघडा, तुकडा डबल टेपने ट्रॅकच्या छताला चिकटवा, पल्ला परत त्याच्याखाली सरकवा. टेपचं काम फक्त तुकडा खाली पडू न देण्याचं आहे. कुणी पल्ला उचलू लागला की तुकडा पल्ला आणि छत यांच्यामध्ये दाबला जातो, आणि दाबाला टेपची गरज नसते. प्रत्येक पल्ल्यावर दोन तुकडे बसवा, दोन्ही टोकांशी एकेक. खिडकी बंद असताना ते पल्ल्याच्या वर झाकलेले असतात, बाहेरून हात पोचत नाही. सफाईसाठी पल्ला काढायचा झाला तर खिडकी उघडून तुकडे आधी काढायचे. बेअरिंग बदलायची असेल तर ती आधी बदला आणि मग जाडी मोजा, कारण पल्ला वर आला की हिशोब बदलतो.

उचलणं बंद झालं की लॉकची निवड सोपी होते, पण दोन पल्ल्यांच्या खिडकीत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आतला पल्ला आणि बाहेरचा पल्ला हे सुरक्षेच्या दृष्टीने सारखे नाहीत.

आतल्या पल्ल्याला सगळ्यात भरवशाचा उपाय सगळ्यात साधा आहे: अडसर. खिडकी बंद केल्यावर आतल्या ट्रॅकचा जो भाग रिकामा राहतो, त्यात बरोब्बर मापाचा दांडा टाकायचा. पल्ल्याच्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा आणि दोन-तीन मिलिमीटर कमी कापा. लाकूड दमट हवेत फुगतं आणि अडकून बसतं, म्हणून मी ॲल्युमिनियमची चौकोनी नळी किंवा यू चॅनेल देतो. चॅनेल उलटा ठेवला की ट्रॅकच्या मधल्या पट्टीवर घट्ट बसतो आणि तारेने उचकटायला जमत नाही. ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, त्यांवर दांडा चपखल बसवू नका, नाहीतर पाणी घरात येईल.

बाहेरच्या पल्ल्याला मात्र हा अडसर चालत नाही. त्याच्या ट्रॅकचा रिकामा भाग आतल्या पल्ल्याच्या पलीकडे, म्हणजे घराबाहेर पडतो. तिथे दांडा टाकला तर तो काढायची सोयही बाहेरच्यालाच होते. ट्रॅकच्या पट्टीला पकडणाऱ्या स्क्रूच्या क्लॅम्पलाही हीच अडचण आहे. आतला पल्ला कडेकोट केलेला आणि बाहेरचा एका झिजलेल्या टच लॉकवर, अशा खिडक्या मी सतत बघतो, आणि आत येणाऱ्याला एक पल्ला पुरतो.

बाहेरच्या पल्ल्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, त्याचंच लॉक बदलणं. टच लॉक ज्या खाचेत बसतं त्याच मापात चावीची लॉकं मिळतात, जुनं काढून माप घेऊन जा. नवं भोक नाही, घर सोडताना जुनं परत लावता येतं. दुसरा, दोन पल्ले मध्ये जिथे एकमेकांवर येतात तिथलं चंद्रकोरी लॉक. ते दोघांना एकत्र बांधतं. डावा उजवीकडे जायचा तर उजव्याला ढकलणार, आणि उजवा आधीच चौकटीला टेकलेला, म्हणून दोघंही जागच्या जागी. तत्त्व चांगलं आहे, पण पकड एकाच ठिकाणी असल्याने उंच पल्ला वर-खाली वाकवता येतो. खिडकी चार फुटांच्या आत असेल तर ठीक.

तिसरा मार्ग माझा सगळ्यात आवडता, पण त्याला घरमालकाची परवानगी हवी: पिन. दोन्ही पल्ले बंद असताना, मधल्या उभ्या पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे आतल्या पट्टीतून आरपार आणि बाहेरच्या पट्टीच्या फक्त आतल्या भिंतीपर्यंत एक भोक. भोकाला आतून बाहेर किंचित उतार द्या, म्हणजे पिन आपोआप निसटत नाही. त्यात स्टीलची पिन घातली की दोन्ही पल्ले न सरकतात, न उचलले जातात. भोक पाडताना ड्रिलच्या बिटला मापाच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा, बाहेरची भिंत फुटायला नको. आणि काचेपासून लांब राहा. काच पट्टीच्या खोबणीत आत शिरलेली असते, बाहेरून दिसते त्यापेक्षा जास्त. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेच्या कडेला बिट नुसतं टेकलं तरी सगळी काच एका क्षणात चुरा होऊन खाली येऊ शकते. सेक्शनचा छेद माहीत नसेल तर हे काम माहीतगाराकडून करून घ्या. घरमालकाशी बोलताना भोकाचं माप सांगा, पाच-सहा मिलिमीटरचं, मधल्या पट्टीत, बाहेरून न दिसणारं. बहुतेक वेळा नकार 'भोक' या शब्दाला असतो.

जाळीचा तिसरा पल्ला असेल तर तो यात धरू नका. जाळी डास अडवते, माणूस नाही, आणि मूलही नाही.

चावी हवी का? लॉकला चावी असल्याचा फायदा एकाच प्रसंगी होतो: काच फुटल्यावर. चावी नसलेलं लॉक हात आत घालून उघडता येतं. चावीचं असेल तर आत येणाऱ्याला फुटक्या काचेतून अंग घालावं लागतं, आणि ते फार थोडे लोक करतात. तळमजल्यावर, बाहेरून सहज पोचता येणाऱ्या खिडकीला म्हणून चावी योग्यच. वरच्या मजल्यावर, जिथे गच्ची किंवा पाइप जवळ नाही, तिथे मी तिचा आग्रह धरत नाही. काचेवर खर्च करायची तयारी असेल तर लॅमिनेटेड घ्या. 6.38 मिलिमीटरची लॅमिनेटेड म्हणजे 3 मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये 0.38 मिलिमीटरचा थर. ती तडकते, पण थराला धरून जागेवर राहते आणि आरपार जायला बराच वेळ आणि आवाज लागतो. टफन्ड काच धक्क्याला मजबूत असली तरी एकदा फुटली की वाट मोकळी.

चावीची दुसरी बाजू आग. धुरात, अंधारात चावी शोधावी लागली तर तेच लॉक जिवावर येतं. चावी खिडकीजवळ, पण काचेतून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, कायम एकाच जागी टांगा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती जागा माहीत असू द्या. प्रत्येक झोपायच्या खोलीत निदान एक खिडकी आतून चटकन उघडेल अशी हवीच. बाहेरून पक्कं ग्रिल असेल तर त्याचा एक भाग आतून उघडणारा आहे का तेही बघा. ग्रिल बंदच असेल तर खिडकी उघडूनही बाहेर पडता येणार नाही.

आता रात्रीची हवा आणि मूल. या दोन्हींचं माप एकच निघतं: 10 सेंटिमीटर. लहान मुलाचं अंग जाऊ नये म्हणून खिडकीची फट याहून मोठी नको, हे माप सुरक्षेच्या नियमांत बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं. त्यासाठी अडसराची दुसरी, 10 सेंटिमीटरने आखूड नळी कापून ठेवा, किंवा चावीने घट्ट होणारा क्लॅम्प लावा. अंगठ्याने फिरवायचा क्लॅम्प तीन वर्षांचं मूल बघून-बघून शिकतं. क्लॅम्प लावताना बेअरिंग जिथून रोज फिरते तो भाग टाळा, तिथे पट्टी चेपली तर पल्ला प्रत्येक वेळी त्या जागी अडखळेल. पलंग, खुर्ची, स्टूल असं काही खिडकीखाली ठेवू नका. कोणत्याही लॉकपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पण चोराच्या दृष्टीने उघडी खिडकी ती उघडीच. 10 सेंटिमीटरच्या फटीतून हात आत येतो, आणि हात आला की अडसर उचलता येतो. वर चिकटवलेले तुकडेही पल्ला सरकवल्यावर एका टोकाला उघडे पडतात. त्यामुळे तळमजल्यावर, तुम्ही झोपलेले असताना, रस्त्याकडची खिडकी मी उघडी ठेवणार नाही. हवेसाठी उंचावरचा झरोका किंवा ग्रिल असलेली खिडकी निवडा. ग्रिलचे गज मजबूत आणि भिंतीत नीट रुजलेले असतील तर मात्र हा प्रश्न बराच सैल होतो, आणि मग लॉक ही दुसरी फळी.

पुढेमागे यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, खिडक्या घेणार असाल तर दोन गोष्टी. त्यातली हँडल फिरवली की दोन-तीन ठिकाणी आकडे अडकतात, हे चांगलंच. पण स्क्रू आतल्या स्टीलच्या पट्टीत गेलेले हवेत, नुसत्या प्लॅस्टिकमधले ओढल्यावर उपटतात. आणि यूपीव्हीसी उन्हाने जास्त वाढतं. दीड मीटरच्या पल्ल्यात तापमान तीस अंशांनी चढलं तर ॲल्युमिनियम साधारण एक मिलिमीटर वाढतं, यूपीव्हीसी दोन-तीन. भर उन्हाळ्यात हँडल जड झाली तर जोर लावू नका, समोरच्या खाचा थोड्या सरकवून घ्या.

राहिल्या आईवडिलांच्या लाकडी खिडक्या. तिथे दोन पल्ले वर-खाली सरकतात आणि बंद झाल्यावर मधोमध त्यांच्या आडव्या पट्ट्या शेजारी-शेजारी येतात. त्यावर जी पितळी फिरती कडी असते तिचं मुख्य काम दोन पट्ट्या एकमेकींकडे खेचून खडखड थांबवणं आणि वारा अडवणं. पट्ट्यांमध्ये फट पडली असेल तर पातळ पात्याने ती बाहेरून फिरवता येते. म्हणून ती राहू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. आटे असलेला बोल्ट आतल्या, म्हणजे खालच्या पल्ल्याच्या पट्टीतून वरच्या पल्ल्याच्या पट्टीत पिळून घाला, रुंद खिडकीला दोन, दोन्ही टोकांकडे. हा बोल्ट बाहेरून दिसतही नाही. हवेसाठी वरच्या पल्ल्याच्या उभ्या पट्ट्यांवर, मधल्या पट्टीच्या 10 सेंटिमीटर वर, दोन्ही बाजूंना काढता-घालता येणारे खुंट बसवा. खालचा पल्ला तेवढाच वर येईल, वरचा तेवढाच खाली. खुंट एकाच बाजूला लावला तर पल्ला तिरका होऊन चौकटीत रुततो.

बसवण्याआधी लाकूड तपासा. पेचकसाचं टोक आडव्या पट्टीत दाबून बघा, सहज रुतलं तर लाकूड कुजलंय आणि तिथे कोणतंच लॉक धरणार नाही. आधी तेवढा तुकडा बदलून घ्या. वरचा पल्ला वर्षानुवर्षांच्या रंगाने चिकटून बसला असेल तर त्याला बंद समजू नका. बाहेरून रंगाची चीर पात्याने कापली की तो मोकळा होतो. तो कधीच उघडायचा नसेल तर त्याच्या खालच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना चौकटीवर लाकडी ठोकळे स्क्रूने बसवा, म्हणजे तो खाली घसरणार नाही.